अनेक बॅटऱ्यांचा एक चार्जर: खर्च कुठे करावा?

आज एकाच घरात तीन-चार जातींच्या बॅटऱ्या सहज सापडतात. इन्व्हर्टरला लेड-ॲसिड, मोबाइलला आणि टॉर्चला लिथियम-आयन, मुलांच्या खेळण्यात निकेल-मेटल हायड्राइडचे पेन्सिल सेल, आणि अलीकडच्या सौर दिव्यात किंवा फवारणीच्या पंपात लिथियम आयर्न फॉस्फेट. प्रत्येकीचा चार्जर वेगळा आणि तो हमखास हरवलेला किंवा जळालेला. त्यामुळे दुरुस्तीच्या दुकानात, पॉलिटेक्निकच्या प्रकल्पात किंवा हौशी मंडळींच्या टेबलावर एक विचार वारंवार निघतो, की सगळ्यांना चालेल असा एकच चार्जर आपणच का बनवू नये? बनवावा, जरूर बनवावा. पण सुट्या भागांची यादी करायला बसलं, की बहुतेक जण सुरुवात मायक्रोकंट्रोलरपासून करतात. मग डिस्प्ले, मग जास्तीत जास्त अँपिअरचा मॉसफेट, आणि उरलेल्या दोन-चार रुपयांत रेझिस्टर, रेफरन्स आणि थर्मिस्टर. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. व्होल्टेज, करंट आणि तापमान मोजणारे भाग आधी निवडावेत. त्यानंतर, काही बिघडलं तर बॅटरी तोडून बाजूला करणारं संरक्षण. प्रत्यक्ष वीज देणारा भाग तिसरा, आणि मायक्रोकंट्रोलर सगळ्यांत शेवटी, कारण त्याचं काम आज कुठलाही स्वस्त मायक्रोकंट्रोलर करू शकतो.

हे का, ते समजायला बॅटऱ्यांच्या स्वभावाकडे वळावं लागेल. लेड-ॲसिड ही यांतली सगळ्यांत जुनी. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानं ती १८५९ साली बनवली, आणि वागायला ती अजूनही सगळ्यांत सहनशील आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीला १४.४ व्होल्टपर्यंत चढवायचं, मग साडेतेरा ते पावणेचौदाच्या दरम्यान फ्लोटवर ठेवायचं, तिथं ती महिनोन्महिने राहू शकते. लिथियम-आयन १९९१ साली सोनीनं बाजारात आणली. तिला आधी ठरावीक करंट द्यायचा, प्रत्येक सेल ४.२० व्होल्टला पोचला की व्होल्टेज तिथंच धरून ठेवायचं आणि करंट आपोआप उतरू द्यायचा. तो क्षमतेच्या दहाव्या-विसाव्या हिश्श्यावर आला की चार्जिंग पूर्ण बंद. तिला फ्लोट चालत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटची रीत तीच, फक्त मर्यादा ३.६५ व्होल्टची. आणि निकेल-मेटल हायड्राइडची तऱ्हा या सगळ्यांहून निराळी. तिथं व्होल्टेजची मर्यादा घालून काम भागत नाही. स्थिर करंट देत राहायचं आणि सेल भरला, की त्याचं चढत गेलेलं व्होल्टेज किंचित खाली येतं, ती घसरण पकडायची. एका सेलमागे ही घसरण पाच मिलिव्होल्ट किंवा त्याहूनही कमी असते. म्हणजे चार बॅटऱ्या आणि ‘आता पुरे’ सांगण्याच्या चार तऱ्हा. ऊर्जा ओतणं सगळ्यांत सारखंच आहे. फरक आहे तो थांबायचं केव्हा यात, आणि थांबायचा निर्णय मोजमापावर उभा असतो.

आता लिथियमचं ते ४.२० व्होल्ट जवळून पाहू. सेल बनवणारे यात साधारण ५० मिलिव्होल्ट इकडे-तिकडे चालतील असं सांगतात, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आत. समजा, आपण व्होल्टेज ठरवायला टीएल ४३१ वापरला. हा स्वस्त, मुबलक आणि उत्तम भाग आहे, त्याचा रेफरन्स अडीच व्होल्टच्या आसपास. पण तो तीन प्रतींत मिळतो: दोन टक्के, एक टक्का आणि अर्धा टक्का. एक टक्क्याची प्रत घेतली, तर ४.२० वर ४२ मिलिव्होल्टची चूक एकट्या तिचीच होऊ शकते. शिवाय अडीचाचे ४.२० करायला दोन रेझिस्टर लागतात. तेही एक टक्क्याचे घेतले आणि नशिबानं एक वरच्या टोकाला, दुसरा खालच्या टोकाला निघाला, तर आणखी ३४ मिलिव्होल्ट. एकूण ७६. सेल ४.२७६ वर धरला जाईल, आणि डिस्प्लेवर मात्र समाधानानं ४.२० दिसत राहील, कारण डिस्प्लेही त्याच चुकीच्या मापानं मोजतो आहे. आता रेफरन्स अर्ध्या टक्क्याचा आणि रेझिस्टर ०.१ टक्क्याचे घ्या. चूक एकवीस अधिक साडेतीन, म्हणजे पंचवीसच्या आत. खर्चात वाढ काही रुपयांची, डिस्प्लेच्या किमतीपुढे नगण्यच. एवढ्या पैशांत सेलच्या आयुष्याला जे मिळतं, ते दुप्पट अँपिअरचा मॉसफेट घेऊन मिळत नाही.

यावर जाणकार लगेच म्हणतील, की हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये सुधारता येतं. चांगल्या मीटरनं एकदा मोजा, चूक किती तो आकडा मेमरीत टाका, आणि स्वस्त रेझिस्टरही चालून जातील. आक्षेप बिनबुडाचा नाही. कॅलिब्रेशन करावंच. पण ते ज्या दिवशी, ज्या तापमानात केलं, त्या वेळची चूक तेवढी पुसतं. एक टक्क्याचा साधा रेझिस्टर दर अंशाला दहा लाखांत शंभर भाग सरकू शकतो. चार्जरची पेटी २५ अंशांवरून ६५ अंशांवर तापली आणि दोन रेझिस्टर विरुद्ध दिशांना सरकले, तर ४.२० वर तेरा-चौदा मिलिव्होल्ट निव्वळ उष्णतेनं जातात, आणि त्यात रेफरन्सचं स्वतःचं सरकणं मिळवायचं राहिलंच. शिवाय कितीतरी घरगुती रचनांमध्ये मायक्रोकंट्रोलर आपल्या पाच व्होल्टच्या पुरवठ्यालाच माप समजतो. तो पुरवठा ७८०५ मधून येत असेल, तर ४.८ ते ५.२ यांत कुठेही असला तरी डेटाशीटच्या दृष्टीनं निर्दोष. हा पाया चार टक्क्यांनी हलणारा, आणि त्यावर एक टक्क्याची इमारत उभी करायची! तेव्हा कॅलिब्रेशन स्थिर भागांवर करायचं असतं. अस्थिर भागाचं कॅलिब्रेशन दुपारपर्यंत टिकतं.

निकेलच्या सेलकडे आलो, की प्रश्न आणखी बारीक होतो. आपला चार्जर एका पेन्सिल सेलपासून चार लिथियम सेलच्या पॅकपर्यंत, म्हणजे १६.८ व्होल्टपर्यंत सगळं मोजणार. त्यासाठी मापाचा पल्ला वीस व्होल्टचा ठेवला आणि मायक्रोकंट्रोलरमधला दहा बिटचा कन्व्हर्टर वापरला, तर एक पायरी जवळजवळ वीस मिलिव्होल्टची होते. पाच मिलिव्होल्टची घसरण तिला दिसणारच नाही. बारा बिटचा घेतला तर पायरी पाच मिलिव्होल्टची, म्हणजे घसरण आणि गोंगाट यांत फरक कळणार नाही. आठ सेलचा पॅक असेल तर चाळीस मिलिव्होल्टची घसरण आरामात सापडते, पण एकटा सेल मात्र भरून गरम होत बसतो. इथं स्वतंत्र सोळा बिटचा कन्व्हर्टर घ्यावा. एडीएस १११५ सारखा भाग या कामाला पुरतो, त्याच्याबरोबर पायरी अर्ध्या-पाऊण मिलिव्होल्टवर येते. शिवाय निकेलच्या दोन भावंडांतही भेद आहे. मॅक्सिम कंपनीनं या सेलसाठी दोन जुळ्या चिप काढल्या होत्या, मॅक्स ७१२ आणि मॅक्स ७१३. पहिली मेटल हायड्राइडसाठी, ती व्होल्टेज चढायचं थांबलं की चार्जिंग थांबवते. दुसरी निकेल-कॅडमियमसाठी, ती व्होल्टेज प्रत्यक्ष घसरण्याची वाट पाहते. बाकी जवळपास सगळं सारखं असताना एवढ्या एका फरकासाठी वेगळा क्रमांक द्यावा लागला, यावरून थांबण्याच्या खुणेचं वजन लक्षात यावं.

करंट मोजणं अनेकांना सोपं वाटतं, आणि घोडं नेमकं तिथंच पेंड खातं. तीन अँपिअर मोजायला ०.१ ओहमचा रेझिस्टर लावला, तर त्यात ०.९ वॉट उष्णता जाते, म्हणून शहाणे लोक दहा मिलिओहमचा घेतात. उष्णता दहापट कमी. पण मग सिग्नलही दहापट कमी होतो, हे विसरलं जातं. दोन हजार मिलिअँपिअर-तासांच्या सेलचं चार्जिंग ०.२ अँपिअरला थांबवायचं असेल, तर त्या वेळी या रेझिस्टरवर फक्त दोन मिलिव्होल्ट उरतात. तो सिग्नल मोठा करायला सगळ्यांच्या ड्रॉवरमध्ये असतो तो जुना एलएम ३५८ लावला, तर त्याची स्वतःची ऑफसेट चूक डेटाशीटप्रमाणे सात मिलिव्होल्टपर्यंत असू शकते. म्हणजे ०.७ अँपिअरची चूक, ०.२ अँपिअरच्या निर्णयावर! असा चार्जर एक तर अर्ध्यावर थांबेल, नाहीतर कधीच थांबणार नाही. आयएनए २१९ सारख्या खास करंट मोजणाऱ्या चिपची ऑफसेट चूक मिलिव्होल्टच्या दहाव्या हिश्श्याच्या घरात असते आणि ती २६ व्होल्टपर्यंत चालते. त्यातही एक मेख आहे. साध्या छापील बोर्डावरचा तांब्याचा पट्टा दर चौरसाला अर्धा मिलिओहम देतो. दोन मिलिमीटर रुंद आणि दोन सेंटिमीटर लांब पट्टा म्हणजे असे दहा चौरस, पाच मिलिओहम. मोजणाऱ्या तारा रेझिस्टरच्या पायांपाशी न जोडता या पट्ट्याच्या टोकाला जोडल्या, तर दहाचे पंधरा मिलिओहम होतात आणि मोजमाप चुकून दीडपट येतं. हा भाग दुकानात मिळत नाही, तो बोर्ड आखणाऱ्याच्या हातात असतो.

तापमानाचं तर महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. लेड-ॲसिडचं फ्लोट व्होल्टेज दर सेलला, दर अंशाला तीन-चार मिलिव्होल्टनं उतरवावं लागतं. पुस्तकातला आकडा २५ अंशांचा असतो. चंद्रपूर-नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला गेला, की सहा सेलच्या बॅटरीसाठी तो आकडा ०.३६ ते ०.४८ व्होल्टनं खाली यायला हवा. तसं न करणारा चार्जर सगळा उन्हाळा बॅटरीतलं पाणी उडवत बसतो, आणि आपण बॅटरीच्या कंपनीला नावं ठेवतो. लिथियमचं वेगळं आहे. तिच्या बहुतेक डेटाशीट चार्जिंगची मर्यादा शून्य ते ४५ अंश अशी देतात. शून्याखाली चार्ज केलं, तर लिथियम धातूच्या रूपात आत साठतो आणि पुढे धोका होतो. महाराष्ट्राच्या बहुतेक भागाला ती काळजी नाही. पण वरच्या टोकाला, विदर्भातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, इमानदार चार्जरला दुपारी चक्क सुट्टी घ्यावी लागेल. हे सगळं एका दहा किलोओहमच्या एनटीसी थर्मिस्टरचं काम. तो बॅटरीला चिकटवायचा असतो. कितीतरी तयार मोड्युलांवर चिपचा थर्मिस्टरसाठीचा पाय सरळ ग्राउंडला जोडून तापमानाची तपासणीच बंद केलेली असते. टीपी ४०५६ चं सगळीकडे मिळणारं निळं मोड्युल त्याच पंथातलं.

इतकं ऐकल्यावर कुणी विचारेल, की ही सगळी उठाठेव कशाला? सगळं आत घेऊन येणारी तयार चार्जर चिप वापरावी. एकाच जातीची बॅटरी असेल, तर माझंही मत तेच आहे, तयार चिपच घ्या. पण अनेक जातींचा प्रश्न निघाला, की चिप बनवणाऱ्यांचं वागणंच बोलकं आहे. एलटीसी ४१६२ ही ३५ व्होल्टपर्यंत चालणारी नामांकित चार्जर चिप लिथियम-आयनसाठी एल, आयर्न फॉस्फेटसाठी एफ आणि लेड-ॲसिडसाठी एस अशा तीन वेगळ्या अक्षरांनी विकली जाते. ज्यांच्या हाती सगळी साधनं आहेत, त्यांनाही बॅटरीची जात चिपमध्येच पक्की करणं सुरक्षित वाटलं. निकेल तर या तिन्हींत नाहीच. तेव्हा सगळ्या जाती हव्या असतील, तर मोजमाप बाहेर काढून स्वतः करावं लागतं.

दुसरा मोह म्हणजे चार्जरनं बॅटरी आपली आपण ओळखावी. हे व्होल्टेजवरून होत नाही. भरलेली लेड-ॲसिड बॅटरी स्वस्थ पडून असताना १२.७ ते १२.८ व्होल्ट दाखवते. आयर्न फॉस्फेटच्या चार सेलचं नाममात्र व्होल्टेज ३.२ गुणिले चार, म्हणजे १२.८ च. निकेलचे तीन सेल ३.६ दाखवतात आणि लिथियम-आयनचा एक सेलही तेवढंच दाखवू शकतो. त्या एका लिथियम सेलला चार्जरनं निकेल समजून करंट देत राहायचं ठरवलं, तर घसरणीची वाट पाहता पाहता तो ४.२० च्या पुढे निघून जाईल. म्हणून जात माणसानंच सांगितली पाहिजे, आणि मेनूत सांगण्यापेक्षा तारेत सांगणं बरं. प्रत्येक बॅटरीच्या जोडतारेच्या प्लगमध्ये एक वेगळ्या किमतीचा रेझिस्टर बसवावा. त्यावरून चार्जरला जात कळते आणि वरच्या व्होल्टेजची मर्यादाही त्याच रेझिस्टरनं ठरवता येते. दमलेल्या माणसाच्या हातून चुकीचं बटण दाबलं जातं. प्लगमधला रेझिस्टर चुकत नाही.

वीज देणाऱ्या भागाबद्दल थोडक्यात, कारण याच भागावर सगळ्यांत जास्त लिहिलं-बोललं गेलं आहे. पुरवठा १९ किंवा २४ व्होल्टचा असेल तर बक कन्व्हर्टर पुरतो. लिनियर रेग्युलेटरनं १९ व्होल्टवरून एका पेन्सिल सेलला एक अँपिअर द्यायचा, तर सेलला दीड वॉट आणि हीटसिंकला साडेसतरा, हा तोट्याचा व्यवहार. २४ वरून १२ व्होल्ट, एक लाख हर्ट्झ आणि एक अँपिअरची लहर धरली, तर कॉइल साठ मायक्रोहेन्रीची येते. तीन अँपिअरच्या चार्जरमध्ये करंटचं टोक साडेतीनला जातं, म्हणून ती गरम असतानाही साडेतीनच्या वर सॅच्युरेट होणारी घ्यावी. मॉसफेटमध्ये नेहमीची फसगत आयआरएफ ५४० एनची. त्याचा ४४ मिलिओहमचा आकडा गेटला दहा व्होल्ट दिल्यावरचा आहे. मायक्रोकंट्रोलरच्या पाच व्होल्टवर तो अर्धवट उघडतो आणि जळतो. एकतर लॉजिक लेव्हलचा घ्या, नाहीतर गेट ड्रायव्हर लावा. आणि एक गोष्ट चार्जरमध्येच असते, साध्या पॉवर सप्लायमध्ये नसते: इथं दुसऱ्या टोकालाही विजेचा साठा आहे. वीज गेली, की बॅटरीचा करंट कॉइलमधून आणि मॉसफेटच्या अंगभूत डायोडमधून उलटा पुरवठ्याकडे वाहतो. भारनियमनाच्या गावात हे रोजचंच. त्यासाठी वाटेत शॉटकी डायोड किंवा उलटा लावलेला दुसरा मॉसफेट हवा.

शेवटचा आक्षेप संरक्षणाबद्दलचा. आजकाल लिथियमच्या पॅकमध्ये बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, असतंच, मग चार्जरमध्ये वेगळा बंदोबस्त कशाला? बीएमएस सेलला साधारण ४.२५ ते ४.३० व्होल्टच्या आसपास तोडतं. ती अपघाताची सीमा आहे, रोज तिथं जाऊन थांबायची जागा नव्हे. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये पुण्यासह देशात काही ठिकाणी ई-स्कूटरी पेटल्या, त्यानंतर केंद्र सरकारनं बॅटरीसुरक्षेच्या एआयएस-१५६ या मानकात दुरुस्त्या केल्या. एकाच थरावर भिस्त ठेवू नये, एवढं तर त्या उन्हाळ्यानं सगळ्यांना शिकवलं. शिवाय लेड-ॲसिडला आणि सुट्या निकेल सेलना बीएमएस नसतंच. म्हणून चार्जरमध्ये एक साधा कम्पॅरेटर, त्याचा स्वतःचा वेगळा रेफरन्स, आणि मर्यादा ओलांडली की तोडून तसाच अडकून राहणारा रिले किंवा मॉसफेट ठेवावा. हा तुकडा मायक्रोकंट्रोलरला विचारत नाही, त्यामुळे प्रोग्रॅम गोठला तरी तो काम करतो. आणि फ्यूज. सात अँपिअर-तासाची छोटी लेड-ॲसिड बॅटरीही शॉर्ट झाल्यावर शंभराहून अधिक अँपिअर देते, म्हणून फ्यूज बॅटरीच्या टोकापाशी लावायचा, आणि तो डीसीसाठी किती व्होल्टचा आहे ते वाचून घ्यायचा.

खरेदीबद्दल एक विनंती. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यातल्या तापकीर गल्लीत बहुतेक सगळं मिळतं. कॉइल, कपॅसिटर, हीटसिंक, कनेक्टर तिथून खुशाल घ्या. रेफरन्स, सोळा बिटचा कन्व्हर्टर, करंट मोजणारी चिप आणि फ्यूज मात्र कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासह घ्या, कारण नकली मॉसफेट जळून आपलं सोंग उघड करतो, पण नकली रेफरन्स गुपचूप चुकत राहतो. चार्जर तयार झाला, की पहिल्या चाचणीला बॅटरी जोडू नका. जाड रेझिस्टरवर चालवा, तासभर तापू द्या आणि मग व्होल्टेज मोजा. आणि मोजण्यापूर्वी हातातल्या मल्टिमीटरचं माहितीपत्रक वाचा. अर्ध्या टक्क्याचा मीटर ४.२० वर स्वतःच २१ मिलिव्होल्ट चुकू शकतो, आणि वीस व्होल्टच्या पल्ल्यावर साध्या मीटरचा शेवटचा अंक दहा मिलिव्होल्टचा असतो. जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या किंवा आयटीआयच्या प्रयोगशाळेत कॅलिब्रेट केलेला चांगला मीटर असेल, तर एका दुपारपुरता तो मागून घ्या आणि त्यावरच चार्जरचे आकडे पक्के करा.